खान्देशातून समुद्र बघायला निघताय? रेल्वेच्या वेळेआधी तिथी बघा

"समुद्र कोठे शे रे भाऊ?"

राम राम मंडळी. हा प्रश्न माझ्या फुईचा, म्हणजे आत्याचा. जागा डुमस, सुरतेजवळचा समुद्रकिनारा. वेळ सकाळचे अकरा. आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, दुसरा दिवस. आम्ही अमळनेरहून रात्रीच्या गाडीनं निघालेलो, पोरांच्या हातात प्लास्टिकच्या बादल्या, फुईच्या पिशवीत दशम्या आणि लसणाची चटणी. आणि समोर? चिखल. नजर पोचेल तिथपर्यंत ओला, काळपट, चकाकणारा चिखल. पाण्याची एक बारीक रेघ पार लांब, ती पण उन्हात हलत होती. पोरं माझ्याकडे बघताहेत, जणू समुद्र मीच कुठं तरी लपवून ठेवलाय.

भजीवाला हसला. म्हणाला, "हमणां ओट छे, भाई." ओट म्हणजे ओहोटी. मला वाटलं, असेल अर्धा तास. एक वाजेपर्यंत थांबलो, चटके बसायला लागले तसे सुरतेतल्या उधन्याला मामाच्या घरी निघून आलो. संध्याकाळी मामाच्या पोरानं फोनवर व्हिडिओ दाखवला. तीच जागा, आणि पाणी खळखळत वर आलेलं.

तर आजचा व्हिडिओ त्या अकरा वाजताच्या चिखलावर.

आधी एक गोष्ट. आपण म्हणतो खान्देशाला समुद्र नाही. नाही, हे खरं. पण आपल्या नदीला आहे. गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात, आपली तापी मात्र पश्चिमेची वाट धरते. मध्य प्रदेशात मुलताईला उगम, मग भुसावळ, आपला अमळनेरचा काठ, प्रकाशा, पुढं उकाईचं धरण आणि सुरत. 724 किलोमीटर चालून ती खंबातच्या आखातात उतरते. (नकाशा दाखवणे, तापीवर बोट फिरवत.) रेल्वे पण तिच्याच दिशेनं धावते. जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली, उधना. तीनशे किलोमीटरच्या जरा वर. नवापूरला गाडी थांबली तर खिडकीतून बघा, अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. तिथल्या बाकड्यावर दोन राज्यांत मिळून बसल्याचा फोटो सगळेच काढतात. आम्हीही काढला. आणि उतरल्यावर राहायचं कुठं हा प्रश्न आपल्याला नसतोच. लिंबायत, उधना, पांडेसरा, सुरतेच्या या भागांत कुठं ना कुठं आपल्या गावचा माणूस लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आहेच.

आता मुद्दा. हे आखात आहे, उघडा समुद्र नाही. रॉकेल ओतायचं नरसाळं आठवा. वरून रुंद, खाली अरुंद. खंबातच्या आखाताचा आकार तसाच आहे. अरबी समुद्रातून भरतीचं पाणी रुंद तोंडानं आत शिरतं, पुढं दोन्ही किनारे जवळ येतात, तळ पण उथळ होत जातो. पाण्याला पसरायला जागा उरत नाही, मग ते चढतं. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीत पाचेक मीटरचा फरक पडतो. इथं आत भावनगरकडं तो 10 मीटरच्या वर जातो. तीन मजली घर झाकेल एवढं पाणी येतं आणि सव्वासहा तासांत परत जातं! डुमस आखाताच्या तोंडाकडं आहे, तिथं एवढं नाही. पण किनारा इतका सपाट आहे, की पाणी थोडं उतरलं तरी पार लांब सरकतं. फुईला समुद्र दिसला नाही तो म्हणून.

आणि चिखल? त्यात थोडी आपलीच माती आहे, भो. तापी, नर्मदा, मही, साबरमती, चारही नद्या गाळ आणून याच आखातात टाकतात. म्हणून इथं निळं पाणी शोधू नका. इथलं पाणी चहासारखं. गोव्याचे फोटो डोक्यात ठेवून आलात तर वाईट वाटेल.

मग वेळ कशी काढायची? कोकणातले कोळी तोंडी हिशोब करतात. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण पाणी. हे गणित मुंबईच्या बाजूचं. आखातात पाणी पोचायला उशीर लागतो, म्हणून सुरतेला त्यात भर घालावी लागते. ते डोक्यानं करत बसू नका. मोबाईलवर हजिऱ्याचं, म्हणजे सुरतेजवळच्या बंदराचं, भरतीचं कोष्टक मिळतं, ते बघा. पण तिथीचा एक उपयोग आहे. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस सगळ्यात मोठं उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरत पण नाही. आता आपली आखाजी कधी? वैशाख शुद्ध तृतीया. अमावास्येला लागूनच. म्हणजे माहेरवाशिणी आल्या, पोरांना सुट्टी लागली, चला सुरत म्हटलं, की आपण नेमके उधाणात पोचतो. पाणी जाणार तर पार लांब, येणार तर पायऱ्यांपर्यंत.

इथं जरा गंभीर ऐका. ओहोटीच्या चिखलात शंख वेचत लांब जाऊ नका. पाणी समोरूनच येतं असं नाही. आधी बाजूच्या सखल चरांमधून तुमच्या मागं भरतं, आणि चिखलात पाय रुततात, पळता येत नाही. हा पोहायचा किनारा नाहीच. पोहायची हौस आपल्या विहिरीत भागवा.

सुरतेत दोन दिवस असतील तर अजून दोन ठिकाणं. पहिलं सुवाली, हजिऱ्याच्या बाजूला. 1612 साली इथल्याच पाण्यात इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजं भिडली होती. तापीचं मुख गाळानं उथळ, मोठी जहाजं शहरापर्यंत जात नसत, ती सुवालीला थांबत. आता तिथं गर्दी डुमसपेक्षा कमी. दुसरं दांडी, नवसारीहून. 6 एप्रिल 1930 ला गांधीजींनी मीठ उचललं ते इथं. भरतीचं पाणी मागं सरतं, ऊन लागतं, मातीवर मिठाचा थर उरतो. उन्हाळ्यात तिथं उभं राहिलं की मीठ कसं उरतं, ते कळतं. गाडी असेल तर हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला रो-रो, म्हणजे गाड्या चढवून नेणारी, बोट आहे, 2020 पासून. रस्त्यानं पावणेचारशे किलोमीटरचा वळसा, बोटीनं 90. मी अजून बसलो नाही, फुईला बोट लागते.

खायचं काय? डुमसची टोमॅटोची भजी. टोमॅटोची जाड चकती, वर हिरवी चटणी थापतात, मग बेसनात बुडवून तळतात. पहिला घास जपून घ्या, आतला रस जीभ भाजतो. माझी भाजली. आणि हो, सुरतेत पारा आपल्यापेक्षा कमी असतो, पण घाम असा की आपलं कोरडं ऊन बरं वाटावं. दुपार घरात काढा, किनारा चारनंतर.

पुढच्या आखाजीला आम्ही कोष्टक बघूनच गेलो. साडेचारला पोचलो. फुई पायरीवर बसली, पोरं बादल्या घेऊन खाली. चिखलाच्या कडेनं आधी फेसाची रेघ आली, मग चर भरले, मग बघता बघता पोरांना वर बोलवावं लागलं. फुईनं पायाशी आलेलं पाणी बोटावर घेतलं, जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं.

"आपली तापी आठेच येस का रे?"

मी उजवीकडं हात केला. ते तिकडं, हजिऱ्याच्या अलीकडं, तिचं तोंड. ती तिकडं बघत राहिली आणि तिच्या वाटची भजी पोरांनी संपवली.

तुमची तारीख ठरली असेल तर खाली लिहा, त्या दिवशीची भरती मी बघून सांगतो. परतीचं तिकीट मात्र आजच काढा, आखाजीनंतर उधन्याहून बसायला जागा मिळत नाही.