परतीची वाट

सुरुवात एका थापेपासून करतो. स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटचा नकाशा, काढताना आपण जागोजागी ग्राउंडची ती छोटी खूण टाकतो. एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात, आणि कागदापुरतं मान्य करून टाकतो की या सगळ्या जागा म्हणजे एकच जागा. नदी समुद्राला मिळावी तसा करंट तिथे गेला की संपला. कागदावर हे खपतं. प्रत्यक्ष सर्किट बोर्डावर करंट संपत नाही. जिथून निघाला तिथे तो परत जातो, आणि कुठल्या वाटेने जातो हे स्कीमॅटिकमध्ये कुठेच काढलेलं नसतं. आज मी जे बोलणार आहे, ते जवळपास सगळं या न काढलेल्या वाटेबद्दल आहे.

पण त्याआधी 'हाय-स्पीड' या शब्दाचा निकाल लावू. किती मेगाहर्ट्झच्या पुढे बोर्ड हाय-स्पीड म्हणायचा, असं मला नेहमी विचारलं जातं. हा प्रश्नच फसवा आहे, आणि तो कसा फसवतो हे मी माझ्याच एका बोर्डावर शिकलो. क्लॉक होतं जेमतेम ८ मेगाहर्ट्झ. तीन वर्षं बोर्ड बिनतक्रार चालला. मग चिपची नवी बॅच आली. पार्ट नंबर तोच, डेटाशीट तीच, आणि बोर्डावरचा काउंटर मधूनच एका पल्सचे दोन मोजायला लागला. मी पहिला संशय सॉफ्टवेअरवर घेतला, हार्डवेअरवाले नेहमीच घेतात. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सहकाऱ्याचे त्यात दोन दिवस गेले. त्याची माफी मी नंतर मागितली.

झालं होतं असं, की ती चिप आता नव्या प्रक्रियेवर बनत होती. ट्रान्झिस्टर लहान झाले की ते चपळही होतात. जुन्या चिपचं आउटपुट खालून वर चढायला साधारण ५ नॅनोसेकंद घेत असे. नवीचं १ नॅनोसेकंदाच्या आत चढत होतं. डेटाशीटमध्ये राइज टाइमची, म्हणजे या चढायच्या वेळाची, कमाल मर्यादा दिलेली होती, किमान नव्हती. वेगाने चढू नका असं कोणी कुठे लिहिलंच नव्हतं.

आता हिशेब करू. प्रकाश मोकळ्या जागेत एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. एफआर-४ या नेहमीच्या बोर्ड मटेरियलचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट साधारण ४, त्याचं वर्गमूळ २, म्हणून सिग्नल त्याच्या निम्म्या वेगाने धावतो: नॅनोसेकंदाला १५ सेंटिमीटर. माझा क्लॉकचा ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची पट्टी, होता १२ सेंटिमीटरचा. म्हणजे टोकाला पोचायला ०.८ आणि आदळून परत यायला आणखी ०.८ नॅनोसेकंद. एज, म्हणजे सिग्नलची ही चढण, ५ नॅनोसेकंदांची असताना सिग्नल अजून चढतोय तोवर प्रतिध्वनी दोनतीनदा येऊन जातो आणि त्या चढणीतच विरून जातो. एज १ नॅनोसेकंदाच्या आतली झाली, की पहिला प्रतिध्वनी परत यायच्या आत चढण संपलेली असते. मग काही लपत नाही. रिसिव्हरचं इनपुट जवळपास उघडं टोकच असतं, तिथे लाट आदळली की व्होल्टेज दुपटीकडे झेपावतं. ती लाट परत ड्रायव्हरकडे येते. ड्रायव्हरचा, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या चिपचा, इम्पिडन्स (लाटेला होणारा अडथळा) ट्रॅकपेक्षा कमी, म्हणून तिथून ती उलटी होऊन निघते आणि रिसिव्हरवर खड्डा पाडते. खड्डा थ्रेशोल्डच्या, म्हणजे शून्य की एक ठरवणाऱ्या पातळीच्या, खाली गेला, की काउंटरच्या लेखी तो दुसरा पल्स.

तेव्हा विचारायचं ते एज किती वेगवान आहे हे. क्लॉक किती वेळा टिकटिकतं हा नंतरचा प्रश्न. एका बाजूच्या प्रवासाचा वेळ राइज टाइमच्या सहाव्या हिश्शाहून जास्त झाला, की ट्रॅककडे नुसती तार म्हणून पाहणं सोडायचं. १ नॅनोसेकंदाच्या एजसाठी ही मर्यादा येते २.५ सेंटिमीटर. आजच्या कुठल्या बोर्डावर सगळे ट्रॅक याच्या आत बसतात?

यातलं गणित नवं नाही. १८५८ साली अटलांटिक महासागराखालून टेलिग्राफची केबल टाकली गेली, ती काही आठवड्यांतच निकामी झाली. संदेश नीट पोचेना म्हणून तिला प्रमाणाबाहेर व्होल्टेज देण्यात आलं होतं. लांब तारेतून लाट कशी सरकते याची समीकरणं ऑलिव्हर हेव्हिसाइडने १८८०च्या दशकात मांडली. आपण तीच समीकरणं हजारो किलोमीटरवरून काही सेंटिमीटरवर आणली आहेत. आणि जास्त जोर लावून सिग्नल सुधारण्याचा मोहही तोच आहे. ड्राइव्ह स्ट्रेंग्थची, म्हणजे आउटपुटच्या जोराची, सेटिंग विनाकारण कमाल ठेवणारे इथेही काही जण बसले असतील.

माझ्या बोर्डावर मी ड्रायव्हरच्या पिनेला लागून ३३ ओहमचा रेझिस्टर बसवला. ड्रायव्हरचे स्वतःचे १७ च्या आसपास, दोन्ही मिळून ५०, आणि ट्रॅकचा इम्पिडन्सही ५०. टोकावरून परतलेली लाट तिथे शोषली गेली, काउंटर शहाण्यासारखा मोजू लागला.

पण हे ५० ओहम आले कुठून? मल्टिमीटरने मोजाल तर ट्रॅकचा रेझिस्टन्स ओहमच्या एका अंशाइतका भरेल. लाट पुढे सरकते तेव्हा टोकाला काय आहे हे तिला ठाऊक नसतं. तिला दिसतं ते फक्त पायाखालचं: ट्रॅकची रुंदी, आणि तो खालच्या ग्राउंड प्लेनपासून, म्हणजे ग्राउंडच्या तांब्याच्या सलग थरापासून, किती उंचीवर आहे. एफआर-४ वर बाहेरच्या थरात रुंदी उंचीच्या जवळपास दुप्पट ठेवली, की ५० ओहम येतात. म्हणजे हा आकडा एकट्या ट्रॅकचा नाहीच, तो ट्रॅक आणि प्लेन या जोडीचा आहे. सिग्नल पुढे जातो त्याच क्षणी खालच्या प्लेनमध्ये तेवढाच करंट उलट्या दिशेने वाहतो. आधी सिग्नल पोचला, मग करंट परतीला निघाला, असं होत नाही. दोघे बरोबरच चालतात.

डीसी करंट परतताना कमीत कमी रेझिस्टन्सची वाट धरतो, म्हणून प्लेनभर पसरतो. वेगवान एज कमीत कमी इंडक्टन्सची (करंट बदलायला होणाऱ्या विरोधाची) वाट धरते, आणि ती वाट बरोबर ट्रॅकच्या खाली असते. ट्रॅक वळला की तीही वळते. ट्रॅक प्लेनपासून ०.२ मिलिमीटर वर असेल, तर परतीच्या करंटचा सुमारे ८० टक्के भाग दोन्ही बाजूंना ०.६ मिलिमीटरच्या पट्ट्यात मावतो. एवढी शिस्त पाळणारा प्रवासी, आणि आपण त्याच्या वाटेत खंदक खणतो.

मीही खणला होता. एका पॉवर ट्रॅकला जागा मिळेना म्हणून मी तो ग्राउंड प्लेनमधून नेला होता, प्लेनमध्ये लांबट फट पडली होती, आणि ८ मेगाहर्ट्झचं क्लॉक तिच्यावरून आडवं जात होतं. परतीच्या करंटला फटीच्या टोकापर्यंत वळसा पडला. जाण्यायेण्याच्या वाटांमधलं क्षेत्रफळ वाढलं, की त्या लूपची अँटेना होते. रेझिस्टरने मोजणी सुधारली. रेडिएटेड एमिशनच्या, म्हणजे बोर्डातून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरींच्या, चाचणीत बोर्ड तरीही नापास झाला. फट बुजवून नवा लेआउट काढावा लागला.

ॲनालॉग ग्राउंड आणि डिजिटल ग्राउंड वेगळे करून प्लेन चिरायचा सल्ला तुम्ही ऐकला असेल. माझं मत सांगतो: बहुतेक वेळा प्लेन अखंड ठेवा आणि चिरायची कात्री प्लेसमेंटवर चालवा. नाजूक भाग एका बाजूला, गोंगाट करणारे दुसऱ्या बाजूला. खाली भिंत घालायची गरज पडत नाही, कारण करंट आपल्या ट्रॅकखालून भटकतच नाही.

लेयर बदलताना हीच गोष्ट विसरली जाते. व्हायामधून, म्हणजे थर जोडणाऱ्या तांब्याचा मुलामा दिलेल्या भोकातून, सिग्नल वरच्या थरातून खालच्या थरात उतरला. त्याचा परतीचा करंट वरच्या प्लेनमधून खालच्या प्लेनमध्ये कसा उतरणार? दोन्ही प्लेन ग्राउंडची असतील तर शेजारीच एक ग्राउंड व्हाया द्या. एक ग्राउंड आणि एक पॉवर असेल, तर त्याला दोघांना जोडणारा कपॅसिटर शोधत जावं लागतं, आणि तो लांब असला तर पुन्हा वळसा.

कपॅसिटर म्हटल्यावर आकड्यांचे वाद सुरू होतात. १०० नॅनोफॅरड की १०? बोर्डावर बसवलेल्या कपॅसिटरला ट्रॅक-व्हाया धरून सुमारे १ नॅनोहेन्री इंडक्टन्स चिकटतो. १०० नॅनोफॅरडबरोबर त्याचा रेझोनन्स १६ मेगाहर्ट्झला येतो. त्याच्या पुढे तो भाग नावापुरता कपॅसिटर. १ गिगाहर्ट्झला १ नॅनोहेन्री म्हणजे ६ ओहमहून जास्त, वर कितीही नॅनोफॅरड लिहिलेले असोत. म्हणून व्हाया पॅडला खेटून द्या, ट्रॅक आखूड आणि रुंद ठेवा. मूल्यावरचा वाद त्यानंतर घालू.

मापताना सुद्धा हीच वाट आडवी येते. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची ती लांब ग्राउंड वायर, मगरीच्या चिमट्याची, तिचा इंडक्टन्स १०० नॅनोहेन्रीच्या घरात. प्रोबचे १० पिकोफॅरड त्याला मिळाले की १६० मेगाहर्ट्झला घंटा वाजते. पडद्यावर दिसणारं हे रिंगिंग, म्हणजे सिग्नलचं थरथरणं, बोर्डाचं की प्रोबचं? मी पहिल्या दिवशी प्रोबचंच पाहत बसलो होतो. चिमटा काढून टोकाशी छोटी स्प्रिंग लावली, तेव्हा खरा खड्डा दिसला.

खूप वरच्या वेगाला गेलं की वेगळेच राक्षस भेटतात. पीसीआय एक्सप्रेसच्या पाचव्या पिढीत लेनमागे सेकंदाला ३२ अब्ज ट्रान्सफर होतात. एका बिटच्या वाट्याला ३१ पिकोसेकंद, म्हणजे एफआर-४ सारख्या बोर्डावर पाच मिलिमीटरही नाहीत. दहा सेंटिमीटरच्या ट्रॅकवर एका वेळी वीसेक बिट रांगेत धावत असतात. तिथे व्हायाचा न वापरलेला शेपटासारखा भागही छळतो. २.५ मिलिमीटरचा शेपूट १५ गिगाहर्ट्झच्या आसपास सिग्नल गिळून टाकतो, आणि या लिंकचा मुक्काम नेमका १६ गिगाहर्ट्झला. म्हणून तो मागून ड्रिलने खरवडून काढतात. १६ गिगाहर्ट्झला करंट तांब्याच्या वरच्या अर्ध्या मायक्रोमीटरमध्ये वाहतो, तेव्हा तांब्याचा खडबडीतपणाही वाटेतले डोंगर ठरतो. बोर्डातल्या काचेच्या विणीचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ६ च्या आसपास, रेझिनचा ३ च्या. डिफरन्शियल जोडीतला (एकच सिग्नल उलटसुलट नेणाऱ्या दोन ट्रॅकमधला) एक ट्रॅक काचेच्या धाग्यावर आणि दुसरा रेझिनवर पडला, तर दोघांची लांबी मायक्रोमीटरपर्यंत जुळवूनही एक जण उशिरा पोचतो.

लांबी जुळवण्याबद्दल एवढंच, की १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ७ पिकोसेकंद. तुमच्या बसला, म्हणजे एकत्र डेटा नेणाऱ्या ट्रॅकच्या गटाला, किती चालतात ते आधी काढा. गरज नसताना नागमोडी वळणं घालणाऱ्यांना क्रॉसटॉक, म्हणजे शेजारच्या ट्रॅकची कुजबुज, फुकट मिळतो.

चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे: ट्रॅकला काटकोनी वळण दिलं तर चालेल का? चालेल. ०.२ मिलिमीटर रुंद ट्रॅकच्या कोपऱ्यात जादा कपॅसिटन्स भरतो तो पिकोफॅरडच्या शंभराव्या हिश्शाच्या एकदोन पटींत. एका साध्या व्हायाचा त्याच्या दहापट तरी असतो. हाच प्रश्न विचारणाऱ्या एकाचा लेआउट मी तपासला होता. प्रत्येक कोपरा त्याने निगुतीने ४५ अंशांत कापला होता, आणि क्लॉक चार वेळा लेयर बदलत होतं. शेजारी ग्राउंड व्हाया एकही नव्हता.