रयतेची बँक

श्रोतेहो, नमस्कार.

इंडोनेशियात 'बँक राक्यात इंडोनेशिया' नावाची एक बँक आहे. राक्यात म्हणजे जनता. हा शब्द अरबीतून तिकडे गेला आणि त्याच मुळातून आपल्याकडे 'रयत' आली. जावा बेटावरच्या पुर्वोकर्तो गावात १८९५ साली ह्या बँकेचं बीज पडलं. आग्नेय आशियात आज मोबाइलवरून कर्ज, विमा, पैशांची देवघेव असं सगळं झपाट्यानं वाढतंय. पण ह्या वाढीचा पाया समजून घ्यायचा, तर मला ह्या बँकेच्या खेड्यातल्या छोट्या शाखांपाशी जावंसं वाटतं.

ह्या शाखा उघडल्या गेल्या त्या भातशेतीला सरकारी सवलतीचं कर्ज वाटायला. कर्ज थकत गेलं, योजना गुंडाळावी लागली. तीन हजारांहून जास्त शाखांचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. १९८४ साली बँकेनं नवं कर्ज आणलं, 'कुपेदेस'. टपरीवाला, शिंपी, मासळी विकणारी बाई, कोणालाही मिळेल असं. व्याजात सवलत नाही, बँकेचा खर्च निघेल इतका दर. हप्ते वेळेवर भरले, तर व्याजातला काही भाग परत. कर्ज द्यायचं की नाही हे पाहायला जो माणूस मोटारसायकलवरून गावोगाव फिरतो, त्याला तिथे चक्क 'मंत्री' म्हणतात! हा मंत्री दुकानात येऊन बसतो, फळीवर माल किती ते बघतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करतो.

खरी कमाल मात्र बचतीत झाली. गरिबाकडे शिल्लक कुठली, असं बँकांमधले शहाणे धरून चालले होते. वास्तविक तिथल्या गल्लीगल्लीत 'अरिसान' चालायची. म्हणजे आपली भिशीच. महिन्याला बायका जमायच्या, पैसे गोळा व्हायचे, चिठ्ठ्या हलवून एक काढायची, जिचं नाव निघेल तिला सगळी रक्कम. हातात पैसा होता, साठवायची सवयही होती. अडचण एवढीच की जुन्या बचत खात्यातून महिन्यात दोनदाच पैसे काढता यायचे. रोज मालाला पैसे लागणाऱ्या माणसाला ते कसं परवडावं? १९८६ साली 'सिम्पेदेस' हे खातं देशभर सुरू झालं आणि त्यात हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा पैसे काढायची मोकळीक मिळाली. वर खातेदारांसाठी बक्षिसांची सोडतही. पाहता पाहता खेड्यातल्या ठेवींवरच खेड्यातली कर्जं निघू लागली.

मग १९९७ साल उजाडलं. डॉलरला सुमारे २,४०० रुपिया, म्हणजे तिथलं चलन, असणारा भाव वर्षभरात १५ हजारांच्या पुढे गेला. १ नोव्हेंबरला सोळा खासगी बँका एकदम बंद झाल्या. डॉलरमध्ये कर्ज काढलेले बडे उद्योगपती बुडाले. आणि खेड्यातल्या ह्या शाखांमध्ये? ठेवी वाढल्या. टपरीवाल्यांनी हप्ते भरले, कारण पुढचं कर्ज त्याच दारात मागायचं होतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आज तिथे भाजीच्या गाडीवरही क्यूआर कोड दिसतो. सगळ्या कंपन्यांना एकच कोड चालावा, हे तिथल्या मध्यवर्ती बँकेनं २०१९ साली ठरवलं. उत्तम झालं. पण त्याच फोनवर 'पिंजोल' आले, म्हणजे ऑनलाइन कर्ज. त्यातल्या बेकायदा ॲपवाल्यांनी कर्जदाराच्या फोनमधली नावं उचलली आणि हप्ता चुकला की त्याच्या नातेवाइकांना, साहेबांना फोन करून त्याची अब्रू घेतली. २०२१ साली सरकारला ऑनलाइन कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे नवे परवाने थांबवावे लागले. माणसाला न भेटता, त्याचा धंदा न बघता पैसा वाटला की वसुली अशीच होणार, असं माझं स्पष्ट मत आहे.

मंत्री अजून आहेत. कर्जाचा अर्ज आता ते मोबाइलवरच भरतात. फळीवर माल किती, हे मात्र अजूनही दुकानात जाऊनच बघतात.

नमस्कार.