राखडीची वीट

हे स्क्रीनवर जे करडं, पिठासारखं दिसतंय ना, ते सिमेंट नाही. राखड आहे. नागपूरहून कोराडीकडे निघालात की वीजकेंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसायला लागतात, आणि आपल्याकडचा कोळसा कसा तर शंभर किलो जाळा, तीसेक-चाळीस किलो राख मागे ठेवतो. म्हणजे वीज रोज, आणि राखडही रोजच.

यातली जड राख बॉयलरच्या तळाला पडते. बाकीची बरीचशी धुराबरोबर उडते, तिला चिमणीच्या आधीच चार्ज दिलेल्या पत्र्यांवर ओढून घेतात, तीच फ्लाय ॲश. मायक्रोस्कोपखाली बघितली तर कण गोल गोल, काचेच्या गोट्यांसारखे, कारण कोळशातली माती बॉयलरच्या आगीत वितळते, उडता उडता तिचा थेंब होतो आणि तसाच थिजतो. लाल विटेला भट्टीत जे भाजून काढावं लागतं ते इथं वीजकेंद्रातच होऊन गेलेलं असतं. म्हणून राखडीच्या विटेला भट्टी नको, आणि कोणाच्या वावरातली वरची चांगली माती खरवडायला पण नको.

आता कारखान्यात. कारखाना म्हणजे टिनाचं शेड, एक मिक्सर आणि एक हायड्रॉलिक प्रेस, संपलं. निम्म्याच्या आसपास राखड, मग क्रशरवरची डस्ट, थोडा चुना आणि जिप्सम, नाहीतर सिमेंट. डस्ट म्हणजे गिट्टी फोडताना उरलेला चुरा आणि जिप्सम बऱ्याचदा खत कारखान्यातून निघालेलं, म्हणजे एका विटेत तीन-तीन ठिकाणचा कचरा! पाणी मात्र बेताचं. ऑपरेटर मीटर-बिटर काही बघत नाही, माल मुठीत दाबतो, लाडू वळला पाहिजे आणि तळवा ओला व्हायला नको, मग प्रेस चालू.

दुसऱ्या दिवशी वीट हातात घेतली तर पक्की वाटते आणि लोक इथंच फसतात. चुना आणि त्या काचेच्या गोट्या पाण्यात हळूहळू एकमेकांना धरतात, त्याला दोन-तीन आठवडे पाणी मारत राहावं लागतं आणि नंतर वाळायला पण वेळ द्यावा लागतो. आमच्या काकांच्या घराचं सांगतो, घाईघाईत आठ दिवसांची वीट आणली, भिंत उभी केली, लगेच प्लास्टर. वीट आकसली ती भिंतीत बसल्यावर, उन्हाळ्यात केसासारख्या भेगा. गवंडी म्हणाला, "राखडीचा माल आहे भाऊ, तडकणारच." अख्ख्या गल्लीत तेच बोलणं झालं, आणि वीट किती दिवसांची होती हे कोणी विचारलंच नाही.

जी राखड उचलली जात नाही तिचं काय होतं? पाण्यात कालवून पाइपने बंधाऱ्यात सोडतात. उन्हाळ्यात बंधारा वाळला आणि वारा सुटला की शेजारच्या गावात भांड्यांवर थर. आणि जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळच्या खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा ती राखड कोलार नदीत उतरली आणि तिथून कन्हानकडे. बंधाऱ्यातली ओली राखड रस्त्याच्या भरावाला चालते, पण विटेला सायलोतली, म्हणजे वीजकेंद्रातल्या उंच बंद टाकीतली, कोरडीच चांगली. आणि कोरडी न्यायची तर बल्कर, म्हणजे बंद टाकीचा ट्रक, लागतो, त्याचं भाडं वेगळं. १९९९ पासून केंद्राचा नियम आहे की वीजकेंद्राच्या आसपास बांधकामाला राखड वापरा, तेव्हा अंतर ५० किलोमीटर होतं, पुढे १००, मग ३००. २०१६ मध्ये महाराष्ट्राने राखड वापरायचं वेगळं धोरणच काढलं. कागदावर अंतर वाढलं खरं, पण लांब गेलं की भाड्यानेच वीट महाग होते.

परत त्याच शेडमध्ये. प्रत्येक थप्पीच्या कडेच्या विटेवर खडूने तारीख लिहिलेली. दुपारी एक ठेकेदार ट्रॅक्टर घेऊन आला, स्लॅबवाले थांबलेत, ही थप्पी द्या म्हणाला. मालकाने खडूची तारीख बघितली, बोटावर मोजलं.

"पुढच्या मंगळवारी या ना."

ट्रॅक्टर रिकामाच गेला, आणि मालकाने पाइप उचलून परत पाणी मारायला घेतलं.