चित्रातला आपला हात

मंडळी, विषय दिलाय ‘गोव्यातली पाहण्यासारखी चित्रप्रदर्शनं’. म्हणजे सेरेंडिपिटीवर बोलायला हवं. 2016 पासून डिसेंबरात पणजीला हा कला महोत्सव भरतो, देशभरातले चित्रकार येतात. जुन्या जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इमारतीत, जिथं आमच्या पिढीनं औषधासाठी रांगा लावल्या, तिथं आता चित्रं लागतात. जरूर जा. सकाळी जा, संध्याकाळी फोटो काढणाऱ्यांचीच गर्दी असते. आणि जाता-येता आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत डोकवा. प्रवेशाशीच भिंतभर निळ्या फरशा आहेत, 1935 च्या, जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराच्या. बाहेर महोत्सवाची झुंबड असते तेव्हाही तिथं बहुधा तुम्ही एकटेच असाल.

पण डिसेंबर संपल्यावर काय? मला आज बोलायचंय ते बाकीच्या अकरा महिन्यांवर.

शाळेच्या सहलीला आपण सगळेच जुन्या गोव्याला गेलोय. बाँ जेझूस पाहिलं, से कॅथेड्रल पाहिलं, मग डबे उघडले. शेजारी असिसीच्या संत फ्रान्सिसच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, तिथं आमच्या गुरुजींनी आम्हाला नेलं नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा केस पिकले होते. आत पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची चित्रं आहेत. एकापाठोपाठ एक, सगळे उभे, सगळे रुबाबात. पाच मिनिटांत कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू! पण या मालिकेची सुरुवात ऐका. 1547 मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रोला वाटलं, आपल्या आधीच्या सगळ्यांची चित्रं असावीत. काम सांगितलं गास्पार कोर्रेया या पोर्तुगीज बखरकाराला, कारण त्यानं ती माणसं डोळ्यांनी पाहिली होती. त्यानं सोबत घेतला इथलाच एक चित्रकार. कोर्रेयाचं नाव राहिलं. आपल्या माणसाचं नाही. पुढं त्या चित्रांवर रंगांचे थर चढत गेले, तेव्हा त्याचा हात आज नेमका कुठं उरलाय हे बोट ठेवून दाखवता येणार नाही. तरी मी प्रत्येक वेळी तोच शोधत फिरतो.

पुढच्या हातांना नावं आहेत, पण आपण ती विसरलो. आंतोनियु झेवियर त्रिंदाद, जन्म 1870. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, तिथंच शिकवलं. त्यांची चित्रं पणजीत, फोंताईन्हासमध्ये फुंदासांव ओरियेंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेच्या वास्तूत आहेत. त्यांनी घरच्या माणसांची व्यक्तिचित्रं काढली, आणि घरातला अंधार असा रंगवला की उजेड कुठल्या खिडकीतून येतोय ते कळतं. मुलगी आंजेला, तीही चित्रकार.

आंजेलु द फोन्सेका हे दुसरे. 1902 साली सांत इस्तेव्ह बेटावर जन्मले. डॉक्टर व्हायचं सोडून शांतिनिकेतनला गेले, अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकले. परत येऊन चित्रात येशूच्या आईला, मारियेला साडी नेसवली, सावळी केली. इथल्या पाद्र्यांना ते रुचलं नाही. माणूस पुण्याला जाऊन आश्रमात राहिला, 1967 साली तिथंच वारला. आता त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. आपल्या फोंड्याहून तासाभराची वाट! जहांगीर आर्ट गॅलरीसाठी रात्रीच्या बसनं मुंबई गाठणारे माझे मित्र तिथं अजून पोचलेले नाहीत.

आणि चवथीला, गणपतीत, तर पणजीलाही जायला नको. सावई-वेरें, केरी, आपला सगळा अंत्रुज महाल, म्हणजे फोंडा तालुका. घराघरांत माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळापानांची लाकडी चौकट. कवंडळं, घागऱ्या, आंबाडे, तोरिंजन, सुपारीची शिपटी. रानातून आणलेल्या फळापानांतून कुणी मोर घडवतो, कुणी देवळाचं शिखर. कला व संस्कृती खातं स्पर्धा घेतं, परीक्षक गावोगाव हिंडतात. या कलाकारांचं नाव तुम्हाला विचारूनच घ्यावं लागतं, आणि विचारलंत तर चहा घेतल्याशिवाय सुटका नाही. दीड दिवसाचा गणपती असलेल्या घरी मात्र आधी जा. तिथली माटोळी लवकर उतरते.