आंबो तोच, मगे कर कित्याक?

मंडळी, देवगडात कंपनी कायद्यावर बोलायचं तर सुरुवात आंब्याच्या पेटीपासूनच करावी लागणार. मागे एक बागायतदार माझ्याकडे आले आणि त्यांनी टेबलावर दोन कागद ठेवले. एक वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे विकलेल्या आंब्याचा हिशेब, दुसरं भावाभावांनी काढलेल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं लाभांशाचं पत्र. पट्टीचा पैसा शेतीचा, त्याला आयकर नाही. लाभांशाला मात्र कर लागला होता. म्हणाले, "आंबो तोच ना? मगे कर कित्याक?"

हा प्रश्न सुप्रीम कोर्टात 1954 सालीच सुटला आहे, फक्त तिथं आंब्याऐवजी चहा होता. बाचा गझदर या बाईंचे चहाच्या कंपन्यांत शेअर होते. चहा कंपनीचं 60 टक्के उत्पन्न शेतीचं धरलं जाई. बाईंचं म्हणणं, मग माझ्या लाभांशाचाही 60 टक्के भाग शेतीचाच. कोर्टानं मानलं नाही. मळा कंपनीचा, बाईंचा फक्त शेअर. लाभांश जमिनीतून उगवत नाही, तो शेअरमधल्या गुंतवणुकीतून येतो.

आमच्या बागायतदारांना मी एवढंच सांगितलं, की आंब्याची कलमं तुमच्या नावावर आहेत, तर कंपनीकडून आंब्याचा पैसा लाभांश म्हणून नव्हे, आंब्याची किंमत म्हणूनच घ्या. भाव तेवढा बाजारातला लावा. भावाला भावकीचा भाव दिलात की आयकरवाले विचारणारच.

कंपनी हा वेगळा इसम, हे सूत्र आलं इंग्लंडच्या सॉलोमन नावाच्या चांभाराच्या खटल्यातून. 1892 साली त्यानं आपला बुटांचा धंदा कंपनीला विकला. 20,007 शेअरांपैकी 20,001 त्याचे, उरलेले सहा बायको आणि पाच मुलांचे, प्रत्येकी एक. तरी हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे तिथलं तेव्हाचं सर्वोच्च कोर्ट, म्हणालं, कंपनीचं कर्ज सॉलोमनचं नव्हे. ही गोष्ट सगळे कौतुकानं सांगतात. बँकेत मात्र मॅनेजर वैयक्तिक हमीच्या कागदावर तुमची सही घेतो आणि सॉलोमन तिथंच संपतो. कंपनी दिवाळखोरीतून सुटली म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये स्पष्ट केलंय.

मला स्वतःला सॉलोमनपेक्षा मॅकॉरा जास्त शिकवून गेला. हा आयर्लंडचा जमीनदार. यानं आपलं लाकूड स्वतःच्याच कंपनीला विकलं, विमा मात्र स्वतःच्या नावावर काढला. लाकूड जळलं. 1925 साली निकाल लागला: लाकूड तुझं नव्हेच, तर विमा कसला?

इथं मच्छीमार मंडळीही बसलीत. ट्रॉलर कंपनीच्या नावावर चढवला असेल, तर आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा आणि तिच्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. वडलांचं असेल, तर सोमवारी विमा कंपनीत जा.