बोलता बोलता गाणं

रसिकहो, नमस्कार. रंगमंचावर तुम्हाला काय आवडतं ते मोकळेपणानं सांगा, असं आयोजकांनी मला सांगितलं आहे. माझ्या आवडीचं मूळ एका पायपेटीशेजारी आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी देवळाच्या जत्रेला रात्री नाटक व्हायचं. माझे काका पायपेटीच्या साथीला असत. गर्दीत पोर हरवायला नको म्हणून आई मला त्यांच्याजवळ बसवून द्यायची. त्यामुळे सातआठ वर्षांची असताना मी 'संगीत सौभद्र' पाहिलं ते बाजूनं. कृष्णाचा चेहरा अर्धाच दिसायचा, काकांचे पाय मात्र पूर्ण दिसायचे. नट गद्य बोलत असताना काकांचे हात मांडीवर असत. भाषणाचं शेवटचं वाक्य आलं की पाय भात्यावर हलकेच दाब द्यायला लागत, उजवा हात वर येई आणि षड्ज, म्हणजे मूळचा 'सा', लागे, इतका हळू की समोरच्या लोकांना तो लागला हे कळतही नसे. नट उरलेले चार शब्द त्या सुरावर टेकवायचा आणि पद सुरू व्हायचं. बोलणं कुठं संपलं आणि गाणं कुठं लागलं, हे मला कधीच पकडता आलं नाही. मी काकांना विचारलं, "तुम्हाला कसं कळतं?" ते म्हणाले, "त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं."

तेव्हापासून नाटक बघताना माझे कान त्या सांध्याकडे लागलेले असतात. बोलणारा माणूस आता गाणार, हे नाटकानं कसं घडवलं? ते घडायला काही कारण आहे का? माझी सगळी आवडनिवड या एका प्रश्नावर ठरते.

आपल्याकडे हा सांधा मुळात एका माणसाच्या निर्णयातून आला. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीला 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी रचून बोलायची. गाणारा वेगळा, बोलणारा वेगळा. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगमंचावर आलं आणि ज्याचं दुःख त्यानंच ते बोलायचं, त्यानंच गायचं असं ठरलं. इतिहासाच्या पुस्तकांत याला संगीत नाटकाचा जन्म म्हणतात. मला त्यात सर्वांत मोठी वाटते ती एवढीच गोष्ट: गाणं पात्राच्या तोंडी आलं. साकी, दिंडी, कामदा या चाली लोकांच्या कानांवरून आधीच गेलेल्या होत्या, म्हणून बोलण्यातून त्यांत शिरणं सोपं गेलं. किर्लोस्करांच्याच 'सौभद्रा'त शंभराहून अधिक पदं आहेत, आणि त्यांतली कितीतरी दोन-चार ओळींचीच आहेत. बोलता बोलता सूर लागावा, दोन ओळी म्हणाव्यात, पुन्हा बोलायला लागावं. पुढे बैठकीच्या गायकीनं पदं लांबली, रसिकांना त्याचा आनंदही झाला, मलाही होतो. पण सांधा त्यात पातळ झाला, असं माझं मत आहे.

याच काळात पॅरिसमध्ये काय चाललं होतं पहा. 'शाकुंतल'च्या पाच वर्षं आधी, मार्च 1875 मध्ये, बिझे या फ्रेंच संगीतकाराचा 'कार्मेन' हा ऑपेरा ऑपेरा-कोमिक या नाट्यगृहात झाला. त्यात मूळ संवाद बोललेले होते, आपल्या गद्यासारखेच. तीन महिन्यांत बिझे वारला आणि त्याचा मित्र गिरो यानं त्या संवादांच्या जागी गायलेले संवाद घातले. जगभर बराच काळ तेच रूप चाललं. पहिल्या अंकात एक प्रसंग आहे. मारामारी केली म्हणून कार्मेनला पकडून आणतात, अधिकारी तिला जाब विचारतो. मूळ रूपात तो बोलतो, आणि ती उत्तर द्यायचं सोडून त्रा ला ला असं गायला लागते. तो बोलतोय आणि ती गातेय, यातच तिचा सगळा उद्धटपणा आहे. अधिकारीही गाऊन प्रश्न विचारायला लागला की तो उद्धटपणा निम्मा होतो. मी दोन्ही रूपं ऐकली आहेत. मला विचाराल तर बोललेलंच.

संपूर्ण गायलेले ऑपेरे मला आवडत नाहीत असं नाही. माइकशिवाय भरल्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज ऐकताना अंगावर काटा येतो. पण तिथं सगळेच पाण्यात आहेत. कुणी काठावरून उडी घेत नाही. मला ती उडी पाहायची असते.

बॅलेत तर शब्दच नाहीत. 'जिझेल'च्या पहिल्या अंकाच्या शेवटी फसवली गेलेली मुलगी आधी नाचलेल्याच पावलांची अर्धवट उजळणी करत वेडी होते, तेवढा भाग मी कितीदाही पाहीन. त्याच्या पलीकडे बॅलेवर अधिकारानं बोलावं इतका तो मी पाहिलेला नाही.

आता आपल्या दोन नाटकांकडे येते. 'एकच प्याला'चं गद्य गडकऱ्यांचं, पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. जानेवारी 1919 मध्ये गडकरी गेले आणि पुढच्याच महिन्यात नाटक रंगभूमीवर आलं. म्हणजे सांध्याच्या अलीकडे एक लेखक आणि पलीकडे दुसरा. गडकऱ्यांचं गद्य आधीच इतकं भरलेलं की पदाला करायला काही उरतं का, असं वाचताना वाटतं. पण बालगंधर्वांची सिंधू 'कशि या त्यजूं पदाला' म्हणते, ते ध्वनिमुद्रणात ऐका. दारू पिणाऱ्या नवऱ्याला सोडून जाणार नाही, हे ती गद्यात ठासून सांगती तर आपण तिच्याशी वाद घातला असता. गाण्यात वाद घालता येत नाही.

दुसरं 'ती फुलराणी'. बर्नार्ड शॉचं इंग्रजी नाटक 'पिग्मॅलियन' एकच, पण अमेरिकेत 1956 साली त्याचं 'माय फेअर लेडी' झालं आणि आपल्याकडे 1975 मध्ये पु. लं.नी त्याची 'फुलराणी' केली. तिकडे नायिका एलायझा चिडते तेव्हा वाद्यवृंद सुरू होतो आणि ती गाते. उलट तिच्या प्रोफेसरचं काम करणारा रेक्स हॅरिसन आपली गाणी निम्मी बोलूनच म्हणत असे. इकडे भक्ती बर्वेंची मंजुळा 'तुला शिकवीन चांगलाच धडा' म्हणते ते गाणं नाही, पद नाही, पण साधं बोलणंही नाही. यमकं आहेत, ठेका आहे, सूर मात्र लागत नाही. पु. लं.ना पेटी उत्तम वाजवता यायची. त्यांनी सूर लावायचा नाही असं ठरवलं आणि पूर्ण स्वगत त्या सांध्यावरच तोलून धरलं. मला हे मराठी रंगभूमीवरचं फार धाडसाचं काम वाटतं.

'कट्यार काळजात घुसली' ऐकून मी रडले आहे, पण तिथली पात्रं गवईच आहेत, त्यांनी गायला कारण शोधावं लागत नाही. 'देवबाभळी'त मात्र सांधा पुन्हा सापडला. तुकोबांची आवली आणि लखुबाई होऊन आलेली रखुमाई या दोघी, घरातली कामं, आणि कामातून येणारं गाणं. जात्यावर बसलेली बाई बोलता बोलता ओवीत शिरते, हे आपल्या आज्यांनी कुठल्याही नाटक मंडळीच्या आधीपासून केलेलं आहे.

एक खंत सांगते. काही वर्षांपूर्वी एका जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग पाहिला. साथीदार परवडत नाहीत म्हणून संगीत आधी ध्वनिमुद्रित केलेलं. आवाज गोड होता त्या मुलीचा. भाषण संपलं, तिनं हात उचलला, आणि ट्रॅक आला नाही. दोन क्षण, फार तर तीन. ती हात तसाच ठेवून विंगेकडे बघत राहिली. मग सूर आला आणि ती चोख गायली. पण ती पात्रातून बाहेर येऊन परत आत गेली होती, आणि तिच्याबरोबर आम्हीही. पैशांची अडचण मला कळते. तरी सांगते, नेपथ्य कमी करा, दिवे कमी करा, पेटीवाला आणि तबलजी ठेवा. ट्रॅकला श्वास ऐकू येत नाही.

आज पेटीवर साथीला मंडळी आहेत. 'सौभद्रा'त कृष्ण रुक्मिणीला पहाट झाल्याचं सांगतो, 'प्रिये पहा'. आमच्या जत्रेत ते पद यायचं तेव्हा खरोखरच गार वारा सुटलेला असे आणि 'दीपतेज मंद होत' या शब्दांवर काका एकदा समईकडे बघत. त्याच्या आधीचं गद्य मी आता दोनदा बोलते. पहिल्या वेळी माझं बोलणं पूर्ण संपू द्या आणि मग सूर द्या. दुसऱ्या वेळी माझा श्वास ऐकून द्या. माझी पट्टी पांढरी पाच.