‘वय झालंय’ म्हणण्याआधी

“वय झालं हो त्याचं आता,” असं म्हणत लोक कुत्र्याला दवाखान्यात आणतात. जिना चढत नाही, थोडं चालला की बसकण मारतो, दाराची घंटा वाजली तरी उठत नाही. मी त्याला आधी काट्यावर उभं करते. पुष्कळदा वयाइतकाच दोष अंगावरच्या चरबीचा निघतो. वय आपल्याला मागे नेता येत नाही, चरबी मात्र उतरवता येते, अगदी दहा-अकरा वर्षांच्या कुत्र्याचीसुद्धा.

याला पुरावा आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांना जन्मभर पाहिलं होतं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळायचं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे गटातले निम्मे कुत्रे ज्या वयापुढे जगले ते वय, १३ वर्षं भरलं, दुसऱ्या गटाचं ११.२. सांधेदुखीची औषधंही कमी खाणाऱ्यांना उशिरा सुरू करावी लागली. “आमचा तर म्हातारा झालाच, आता काय उपयोग?” असं विचारणाऱ्यांसाठी २०१० मधला एक अभ्यास सांगते. संधिवात असलेल्या लठ्ठ कुत्र्यांचं वजन जेमतेम सहा टक्क्यांनी उतरलं, तेवढ्यातच त्यांचं लंगडणं स्पष्टपणे कमी झालं. ३० किलोच्या कुत्र्यासाठी हे दोन किलोसुद्धा होत नाहीत.

कुत्रा जाड आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, केसाळ असेल तर मुळीच नाही. ते हातानं बघायचं. डाव्या हाताची मूठ वळा आणि उजव्या हाताचं बोट मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा हडकुळा आहे. आता मूठ उघडा, हात सपाट धरा आणि त्याच उंचवट्यांवरून पुन्हा बोट फिरवा. हाडं कळतात, पण वर मऊ पातळ थर आहे. बरगड्या अशाच लागायला हव्यात. हात उलटा करून तळव्यावर बोट दाबा. बरगड्यांवर असं लागत असेल तर वजन उतरवायची वेळ झाली आहे. आम्ही यासाठी ९ अंकांचं मापन वापरतो. ४ किंवा ५ म्हणजे उत्तम. ५ च्या वरचा प्रत्येक अंक साधारण १० ते १५ टक्के जादा वजन दाखवतो.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र एवढ्यावर थांबू नका. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि मांड्यांवर हात फिरवा. पोट सुटलेलं आणि मांड्या मात्र वाळलेल्या, असे कितीतरी कुत्रे मी पाहते. वयाबरोबर स्नायू झडतात, आणि घाईनं उपाशी ठेवलं तर चरबीबरोबर उरलेसुरले स्नायूही जातात. काटा कमी दाखवतो, घरचे खूश होतात, आणि कुत्र्याला उठताना पूर्वीपेक्षा जास्त त्रास होतो. म्हणून तरुण कुत्र्यात आठवड्याला एक ते दोन टक्के घट चालत असली, तरी म्हाताऱ्यात मी अर्धा ते एक टक्काच धरते.

सुरुवात रक्ततपासणीपासून करायची. थायरॉइड मंदावलं असेल तर कुत्रा कमी खाऊनही फुगतो. खूप पाणी पितो, सारखी लघवी करतो, पोट लोंबतं आणि त्वचा पातळ झाली आहे, असं दिसलं तर कुशिंगचा, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याच्या आजाराचा, संशय घ्यायचा. खाजेसाठी स्टेरॉइड किंवा फिटसाठी फेनोबार्बिटोन चालू असेल तर त्यानं भूक वाढते. ही औषधं स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. मधुमेह असून इन्सुलिन चालू असेल तर आहारात बदल त्यांना विचारल्याशिवाय करायचाच नाही.

आता वाटीत किती घालायचं ते बघू. समजा कुत्रा ३० किलोचा आहे आणि त्याचं योग्य वजन २४ किलो. हिशेब २४ चा करायचा. कॅलक्युलेटरवर २४ गुणिले २४ गुणिले २४ करा, येतात १३,८२४. आता वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा, उत्तर साधारण १०.८ येतं. त्याला ७० नं गुणा. झाल्या सुमारे ७६० कॅलरी. दिवसभराच्या खाण्याची सुरुवात या आकड्यापासून करायची, आणि खाऊही यातच बसला पाहिजे. खाऊचा वाटा फार तर दहावा, म्हणजे ७६ कॅलरी.

या ७६ कॅलरी किती लवकर संपतात ते बघा. म्हाताऱ्या कुत्र्याला बहुधा एखादी गोळी चालू असते आणि ती चीजमध्ये लपवून दिली जाते. २० ग्रॅम चीज म्हणजे साधारण ८० कॅलरी. सकाळच्या एका गोळीतच दिवसभराचा खाऊ संपला! गोळी त्याच्या रोजच्या ओल्या अन्नाच्या लहानशा गोळ्यात द्या, तेही वजनात धरून. खाऊ म्हणून गाजर, काकडी, बिनमिठाच्या उकडलेल्या फरसबीच्या शेंगा चालतात. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं काहीही कधीच नको.

कोरडं अन्न कपानं मोजू नका, कपात दरवेळी वेगळं भरतं. काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. सकाळीच दिवसाचा शिधा एका डब्यात काढून ठेवा आणि घरातल्या प्रत्येकानं जे द्यायचं ते त्यातूनच द्यावं. हे मी कळकळीनं सांगते, कारण घरात चौघं असतील तर चौघंही “मी एवढंसंच देतो” म्हणतात, आणि चौघंही खरं बोलत असतात.

नेहमीचंच अन्न निम्मं करणं मला धोक्याचं वाटतं. त्यात प्रथिनं आणि जीवनसत्त्वं नेहमीच्या प्रमाणाच्या हिशेबानं घातलेली असतात. अन्न निम्मं केलं की तीही निम्मी होतात. त्यापेक्षा वजन उतरवण्यासाठी बनवलेलं अन्न घ्या, त्यात दर कॅलरीमागे प्रथिनं आणि तंतू जास्त असतात. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिनं कमीच द्यावीत हा समज अजून घट्ट आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर ती बेतानं द्यायला सांगतील. एरवी स्नायू टिकवायला त्याला प्रथिनं भरपूर लागतात.

तो मागत राहील, डोळ्यांत बघत राहील, त्यानं तुमचा जीव तुटेल. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण दर चार लॅब्रॅडॉरपैकी एकात पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक भाग गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना अन्नाची ओढ जास्त असते. त्याला लबाड किंवा हावरट म्हणू नका. त्याच शिध्याचे तीन-चार भाग करा, कोडं सोडवून खायच्या भांड्यात द्या, आणि मागायला आला की आधी त्याच्यापाशी बसा, अंगावरून हात फिरवा. पुष्कळदा त्याला तेवढंच हवं असतं.

चालण्यानं वजन फारसं उतरत नाही, स्नायू मात्र टिकतात. दिवसातून तीन-चारदा दहा-दहा मिनिटं, सपाट जमिनीवर, ऊन नसताना. रविवारी एकदम तासभर नको, चेंडूमागे पळवणंही नको. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना तो अवघडला असेल तर आदलं चालणं जास्त झालं. सांधे दुखत असतील तर आधी दुखण्यावर उपचार घ्या. माणसांची आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका, त्यानं जीव जाऊ शकतो. घरातल्या गुळगुळीत फरशीवर सतरंज्या टाका. घसरायची भीती गेली की तो आपणहून चार पावलं जास्त टाकतो.

दर दोन आठवड्यांनी एकाच काट्यावर वजन करा. आपल्या ३० किलोच्या कुत्र्यात आठवड्याला १५० ते ३०० ग्रॅम घट दिसायला हवी. सहा किलो उतरायला पाच ते नऊ महिने लागतील. महिनाभर काटा हललाच नाही तर शिधा दहा टक्क्यांनी कमी करायचा, तोही डॉक्टरांना विचारून. आणि वजन ठरवल्यापेक्षा भराभर उतरायला लागलं, किंवा तो आपणहून खाईनासा झाला, तर पथ्य लागू पडलं असं समजू नका. म्हाताऱ्या कुत्र्यात ते मूत्रपिंडाच्या आजाराचं किंवा कर्करोगाचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी दाखवायला आणा.